आत उघडणारी दारं

समजा, तुमच्यापुढे भिंतीत पक्की बसवलेली एक चौकट उभी आहे आणि तिला दार लावायचं काम तुमच्यावर आलं आहे. दार रंधा मारून तयार आहे, बिजागऱ्या खिशात आहेत. पण बिजागरी नुसती वरून ठोकून भागत नाही. तिचं पान लाकडात बुडालं पाहिजे, इतकं की वरून बोट फिरवलं तर लोखंड कुठं संपलं आणि लाकूड कुठं सुरू झालं हे नखाला कळू नये. म्हणजे तिच्यासाठी लाकडात घर कोरायचं. बिजागरी चौकटीवर धरा. डाव्या हाताने दाबा आणि उजव्या हाताने टोकदार खिळ्याने तिच्या कडेने रेघ ओढा. बिजागरी सरकेल. पुन्हा धरा. रेघ झाली की पटाशी उभी लावून मोगरीचे हलके ठोके द्या, मग पटाशी आडवी करून पापुद्रा पापुद्रा काढत जा. जास्त खोल गेलात तर दार मिटायच्या आधीच चौकटीला अडतं. उथळ राहिलात तर फटीतून उजेड दिसतो. वरचं घर झालं की खालचं. चौकटीचं झालं की दाराचं. आणि चौकटीतलं घर दारातल्या घराशी जुळलं नाही, तर एवढं केलेलं सगळं मातीत. हे झालं एका दाराचं. आता समजा, अशा चौकटी नजर पोचेल तिथवर रांगेने उभ्या आहेत, तुमचा उजवा खांदा वर होत नाही आणि सकाळपासून पोटात रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची अर्धी भाकर आहे.

पुंजाराम सुताराला यातलं काही ‘समजा’ म्हणायची गरज नव्हती. तो तिथंच उभा होता.

प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याने कामगारांसाठी खोल्या बांधायला काढल्या होत्या. दुष्काळाचं दुसरं वर्ष. पुंजाराम पाथर्डीकडचा. गावात त्याच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सुतारकी. कुणाचा नांगर मोडला, कुणाची पेरायची पाभर ढिली झाली, की माणूस त्याच्या दारात. सुगीला धान्य घरी यायचं. पण औत शेतात गेलं तरच मोडतं, आणि मोडलं तरच सुताराकडं येतं. पाऊसच नाही म्हटल्यावर औतं गोठ्यात आढ्याला टांगली गेली आणि पुंजारामचा लाकूड तासायचा वाकस धूळ खात पडला. बायको मालनबाई खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. सुताराची बायको खडी फोडते, हे पुंजारामला पाहवत नव्हतं. त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि एसटी धरली.

इथं आल्यावर पहिल्यांदा त्याला कळलं, की आपल्याला सुतारकाम येतं खरं, पण या लोकांची दारं येत नाहीत. त्याच्या गावातली दारं बिजागरीवर फिरत नसत. दाराच्या मागच्या फळीलाच खाली-वर गोल खुंट काढायचे आणि ते उंबऱ्याच्या आणि चौकटीच्या माथ्याच्या खळग्यांत बसवायचे. तेल सोडलं की आजोबांच्या वेळचं दार नातवाच्या हाताने फिरायचं. इथं मात्र बिजागरी. दिवसभर वाकून घरं कोरायची. संध्याकाळी तो अर्धवट बांधलेल्या खोलीत भुशावर आडवा व्हायचा, तेव्हा खांद्यातली कळ कानापर्यंत चढलेली असायची.

"तात्या, म्हातारं झाला तुमी," कारभारी नावाचा मुकादम म्हणायचा. तो स्वभावाने वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. "एका दाराला येवढा येळ? येवढ्यात माजी म्हस दोनदा व्याली आसती."

"म्हशीला बिजागरी न्हाई लावत, मुकादम," पुंजाराम म्हणायचा आणि पुन्हा वाकायचा.

त्याच्या जोडीला दुसरा सुतार होता सहादू. नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडचा, विशीपंचविशीतला, नुकतं लग्न झालेला. हात चांगला होता, पण त्याला एक खोड होती. तो विचारायचा. खिडकीची पट्टी आतून की बाहेरून, स्क्रू किती लांबीचा, ही खूण पेन्सिलीची की चुकून पडलेली. ओव्हरसिअर आव्हाड साहेब दिसले की सहादू त्यांच्या मागे. कारभारी त्याची टर उडवायचा. "ह्यो खिळा ठोकायच्या आदी खिळ्यालाबी इचारतो, बाबा, दुखंल का तुला?" सगळे हसायचे. सहादूही हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा.

आव्हाड साहेब नगरचे. डिप्लोमा करून नुकतेच लागलेले. मिशी अजून धड फुटली नव्हती. पण उन्हात उभे राहायचे, कुणाला अरे-तुरे करत नसत. एकदा चहाच्या वेळी ते दोघा सुतारांजवळ आले आणि सरळच म्हणाले, "कारखान्याला कायमचा एक सुतार लागणार आहे. डागडुजी, फर्निचर, गोदामाची दारं. राहायला यातलीच एक खोली. या रांगा झाल्या की मला एक नाव कळवायचंय. तुमच्या दोघांतलंच एक असेल."

साहेब गेले तरी पुंजाराम हातातला पेला तसाच धरून होता. खोली. मालनबाईच्या हातातला हातोडा सुटेल. खडीचे कपचे लागून तिच्या बोटांना पडलेले चरे बुजतील. त्याला वाटलं, आता खांदा दुखून चालायचं नाही.

पण खांदा ऐकत नव्हता. म्हणून त्याने डोकं चालवलं.

दुपारी सगळे सावलीला पडले, तेव्हा त्याने सागाचा एक वाया गेलेला तुकडा घेतला, तळहाताएवढा रुंद, बोटाएवढा जाड. त्याच्या कडेला बिजागरी ठेवली आणि पान जेवढं आहे तेवढी खाच करवतीने आणि पटाशीने कापून काढली. मग कानशीने घासत बसला. घासायचं, बिजागरी बसवून पाहायची, पुन्हा घासायचं. बिजागरी सैलही होऊ नये आणि अडकूही नये, असं झाल्यावर त्याने त्या तुकड्याच्या कडेला एक पट्टी ठोकली, अशी की ती तुकड्याच्या वरच्याही आणि खालच्याही अंगाने ओठासारखी बाहेर राहील. ओठ चौकटीच्या कडेला टेकवला की तुकडा आपोआप जागेवर बसे. आता बिजागरी धरायची नाही, रेघ ओढायची नाही. पटाशीची पाठ खाचेच्या भिंतीला लावायची आणि मोगरी हाणायची. पटाशी जाईल कुठं?

उरली घराची खोली आणि बिजागरीची उंची. खोलीसाठी त्याने एका ठोकळ्यात स्क्रू पिळून त्याचं टोक खालून बाहेर ठेवलं, बिजागरीच्या पानाच्या जाडीइतकं. ठोकळा घरावरून सरकवायचा. स्क्रू कुठं खरडला, तर तिथं लाकूड अजून उरलंय. उंचीसाठी असे दोन तुकडे केले आणि एका लांब पट्टीवर वर-खाली ठोकले. पट्टीचं टोक आधी चौकटीच्या माथ्याला भिडवायचं, मग तीच पट्टी दाराला लावायची. दाराच्या वेळी मात्र मध्ये काडेपेटीतली एक काडी ठेवायची, म्हणजे दाराच्या वर काडीएवढी फट आपसूक राहते.

सहादू उठून बाजूला येऊन बसला होता.

"तात्या, ह्यो काय म्हनायचा?"

"फर्मा."

"मंग ओठ दोन्ही अंगांनी का काडला?"

"दार उजवं आसंल तर सुलटा लावायचा, डावं आसंल तर पालथा. एकाच फर्म्यात दोन्ही."

"आन काडी भिजली तर?"

"आरं, काडी भिजायला पाऊस तर येऊ दे!" पुंजाराम म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं.

फर्म्याने काम झपाट्याने सुटलं. रेघ ओढण्यात जाणारा वेळ वाचला, वाकायचं कमी झालं, आणि मुख्य म्हणजे विचार करायचं काम हातातून फर्म्यात गेलं. दमलेल्या माणसाला विचार करणं हेच सगळ्यात जड असतं. आव्हाड साहेबांनी एक दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, फटीला डोळा लावला. मग फर्मा हातात घेऊन उलटसुलट केला.

"मिस्त्री, हे कुणी शिकवलं?"

"खांद्यानं," पुंजाराम म्हणाला.

साहेब मोकळेपणाने हसले. जाताना मुकादमाला म्हणाले, "दारं सगळी मिस्त्रींकडेच द्या. सहादू खिडक्या करील." कारभारीने पुंजारामकडं पाहून डोळा मारला. त्या संध्याकाळी कारभारीने म्हशीचा विषय काढला नाही.

पुढच्या खोल्यांची दारं झाली आणि मागची ओळ राहिली. प्रत्येक खोलीच्या मागे एक संडास. तिथल्या चौकटी साध्या होत्या. दार अडवायची पट्टी नंतर ठोकायची होती, त्यामुळे दार कुणीकडं उघडायचं ते बिजागरीवर ठरणार होतं. साहेबांनी नकाशा भिंतीला टाचून ठेवला होता. खोल्यांच्या दारांपुढे, दार कुणीकडं फिरतं ते दाखवायला काढलेली कमान आत वळलेली होती. संडासाच्या दाराची कमान बाहेर वळलेली होती.

पुंजारामने ती नीट पाहिली. नकाशातलं एवढं त्याला आता कळत होतं. पाहून तो घोटाळला.

त्याच्या वडिलांनी त्याला पाभर करायला शिकवायच्या आधी सांगितलं होतं, की दार आत उघडतं. आलेल्याला आत घेतं. बाहेर उघडणारं दार आलेल्याच्या तोंडावर येतं आणि लक्ष्मीला माघारी लावतं. उभ्या गावात बाहेर उघडणारं दार नव्हतं. गोठ्यालासुद्धा नव्हतं. आता राहिला संडास. तर खरं सांगायचं म्हणजे पुंजाराम जन्मात कधी संडासात गेलेला नव्हता. तो रानात जाई. आतमध्ये काय असतं, माणूस कसा बसतो, किती जागा लागते, याचा त्याला पत्ता नव्हता. त्याच्यापुढे होती ती एक रिकामी, चिंचोळी, सिमेंटची खोली.

अमावस्या आली. अमावस्येला सुतार हत्याराला हात लावत नाही, म्हणून तो घरी जाऊन आला. मालनबाईने मिलोच्या भाकरीबरोबर कुठून तरी मिळवलेला कांदा वाढला. त्याने तिला खोलीचं सांगितलं.

"भित्ताडं पक्की हाईत का?"

"सिमिटाची."

"आन पानी?"

"नळ हाय. आन मागं संडास."

"घराला चिकटून?" मालनबाईने नाकाला पदर लावला. "शी! मानसं हाईत का कोन?"

"साहेबानं त्येचं दार बाहेर उघडनारं काडलंय नकाशात."

"बाहेर?" तिने नाकावरचा पदर काढला. "चुकलं आसंल पोरगं. साळंतलं पोरगं त्ये. तुमी काय म्हनलासा त्येला?"

"काय म्हननार? चारचौगांत साहेबाची चूक काडू? लई चांगला मानूस हाय. त्येच्याच हातात नाव हाय आपलं."

"मंग गुमान आत लावा की. कोनाला कळनारबी न्हाई, आन पोराची लाजबी ऱ्हाईल."

पुंजारामलाही नेमकं तेच वाटत होतं. आपल्या मनातलं बायकोच्या तोंडून ऐकलं की ते खरंच वाटायला लागतं. परत येताना एसटीत त्याला हलकं वाटत होतं. आपण एका भल्या माणसावर उपकार करतोय आणि त्याला त्याची खबरही लागणार नाही, याचं एक वेगळंच सुख असतं.

त्याने मागची ओळ हातात घेतली. फर्मा चौकटीच्या आतल्या कडेला टेकवायचा, पटाशी, मोगरी, पुढची चौकट. मध्येच सहादू खिडकीची पट्टी घेऊन तिकडून आला.

"तात्या, संडासाचं दार कुनीकडं हो? इचारलं का साहेबाला?"

"तू खिडक्या बघ," पुंजाराम म्हणाला.

सहादू गेला. पुंजारामने एकामागून एक सगळ्या चौकटी कोरून टाकल्या. दारं येऊन पडली, तशी त्यांचीही घरं झाली. फर्म्याचा गुणच असा, की तो बरोबरही भराभर करतो आणि चूकही भराभर करतो.

मग संडासाची भांडी आली. गवंड्यांनी ती बसवली आणि भांड्याच्या खाली पाइपाला जागा हवी म्हणून भोवती वीतभर उंच पायरी उचलली. ती उंबऱ्यापासून हातभर अंतरावर आली. पुंजारामने पहिलं दार चढवलं, स्क्रू पिळले आणि आत ढकललं. दार अर्ध्यावर गेलं आणि पायरीला ठक्‌ करून थांबलं. त्याने पुन्हा ढकललं. ठक्‌.

तो फटीतून आत शिरायला गेला. कुशीवर होऊन कसाबसा शिरला. शिरल्यावर दार मिटायला त्याला भांड्यावर पाय द्यावा लागला. तिथं, त्या अंधाऱ्या कोनाड्यात, दोन पाय दोन कडांवर ठेवून उभा असताना त्याला कळलं, की माणूस इथं कसा बसतो आणि दार बाहेर का उघडावं लागतं.

"तात्या!" बाहेरून कारभारीचा आवाज आला. "आत काय करताय? आजून भांड्याला पानी जोडलं न्हाई!"

पुंजाराम बाहेर आला. कारभारीने दार ढकलून पाहिलं, पुढच्या चौकटीकडं पाहिलं, त्याच्या पुढच्या. मग त्याने डोक्याला हात लावला.

"आवो, यात आदमी घुसनार कसा? आडवा करून सरकवायचा का?" बाजूचे गवंडी खो खो हसले. "का पातळ मानसांनाच खोल्या द्यायच्या?"

पुंजाराम हसला नाही. त्याने फर्मा पिशवीत टाकला आणि साहेबांची वाट पाहत ओट्यावर बसून राहिला.

आव्हाड साहेब आले. त्यांनी दार ढकलून पाहिलं. मग नकाशाजवळ जाऊन त्या कमानीवर बोट ठेवलं.

"मिस्त्री, हे पाहिलं नव्हतं?"

"पायलं हुतं."

"मग?"

पुंजारामला खोटं बोलता आलं असतं. नकाशा कळला नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलंही असतं. पण तो दमला होता, आणि खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

"मला वाटलं, तुमची चूक झाली, साहेब."

गवंड्यांचं हसणं थांबलं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी नकाशावरचं बोट काढलं. मग म्हणाले, "आत कुणाला चक्कर आली, माणूस दाराला टेकून पडला, तर दार आत ढकलता येईल का? मला विचारायचं होतंत ना एकदा."

"चारचौगांत कसं इचारू? तुमचा मान—"

"माझा मान राहू द्या," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दुरुस्त किती दिवसांत होईल?"

दुरुस्ती म्हणजे आतल्या कडेची सगळी घरं बुजवायची आणि बाहेरच्या कडेला नवी कोरायची. पुंजारामने तोच फर्मा बाहेरून लावला. बुजवायची ठिगळंही त्याच खाचेच्या मापाने कापली, त्यामुळे एक ठिगळ कुठल्याही घरात चपखल बसत होतं. सरसाने चिकटवायचं, वर रंधा फिरवायचा. रंग चढल्यावर ते कुणाला दिसणार नव्हतं. पुन्हा अमावस्या आली. त्या अमावस्येला त्याने पटाशी खाली ठेवली नाही. मनातल्या मनात हात जोडले आणि मोगरी उचलली. सहादू न बोलवता येऊन ठिगळं घासून देत होता आणि चक्क काही विचारत नव्हता.

शेवटचं दार बाहेर उघडलं, तेव्हा पुंजारामने ते दोनदा मिटून पाहिलं. काम नीट झालं होतं. त्याला थोडी आशा वाटली.

रांगा पुऱ्या झाल्यावर आव्हाड साहेबांनी त्याला बाजूला बोलावलं. लिंबाच्या झाडाखाली दोघे उभे राहिले. झाडाला पानं नव्हती, त्यामुळे सावलीही नव्हती.

"मिस्त्री, मी सहादूचं नाव कळवलंय," ते म्हणाले. "तुमचा हात त्याच्यापेक्षा चांगला आहे, हे मला माहीत आहे. पण उद्या गोदामाचं काम निघेल, मशिनघराचं निघेल. मी चुकलो आणि तुम्ही गप्प राहिलात, किंवा मी बरोबर असलो आणि तुम्ही गप्पच राहून बदललंत, तर मला कळणार कसं? मला विचारणारा माणूस हवाय. राग मानू नका. रोजावर काम आहे तोवर तुम्ही इथं आहातच."

"न्हाई, राग कशाचा," पुंजाराम म्हणाला.

सहादूला बातमी कळली, तेव्हा तो मान खाली घालून आला. त्याने पुंजारामच्या पायाला हात लावला.

"तात्या, मी काय केलं न्हाई हो."

"तू इचारलंस. त्येच केलंस." पुंजाराम म्हणाला. "खोली मिळाली, बायकोला आन. तिला सांग, दार आपटू नगं."

सहादू गेला. पुंजाराम पिशवीवर डोकं ठेवून आडवा झाला. आता मालनबाईला सांगायचं होतं. ती काही बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं. सकाळी उठून हातोडा घेईल आणि खडीवर जाईल. त्याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

साहेबांचं चुकलं असं त्याला वाटत नव्हतं. आपण चुकलो, हे तर त्या पायरीवरच्या 'ठक्‌'मध्येच कळलं होतं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट त्याच्या मनात अडकून बसली होती. दोनतीनदा साहेब समोर आले, तेव्हा ती ओठांपर्यंत आली. पुढेही कधी येईल. त्याला विचारायचं होतं ते एवढंच: साहेब, नकाशातली ती कमान खरंच तुमच्या हातून चुकलेली असती, आणि मी सगळ्या गवंड्यांच्या, मुकादमाच्या देखत तुमच्यापुढे उभा राहून म्हणालो असतो, की हे चुकलंय, तर तुम्ही माझं नाव कळवलं असतं का?